सेकंड व्हायोलिनच्या रांगेतून

१९६१ च्या ‘छाया’ चित्रपटातलं तलत महमूद आणि लता मंगेशकर यांचं युगुलगीत ज्यांनी ऐकलंय, त्यांच्या कानावरून मोझार्टची चाळिसावी सिंफनी गेलेली आहे. सलील चौधरींनी तिची सुरुवातीची सुरावट घेतली आणि तिच्यावर हिंदी गाणं उभं केलं. मोझार्टने १७८८ मध्ये व्हिएन्नात लिहिलेल्या मूळ रचनेत ही सुरावट फर्स्ट आणि सेकंड व्हायोलिन एकाच वेळी, एका सप्तकाच्या अंतराने वाजवतात आणि त्यांच्याखाली व्हायोला अस्वस्थपणे धावत असतात. गाण्याच्या तबकडीवर गायकांची नावं छापलेली आहेत, संगीतकाराचं आहे. व्हायोलिन कोणी वाजवली, ते तबकडीवर कुठेच नाही.

मी त्या रांगेतला माणूस. ‘छाया’ आला तेव्हा शाळेत होतो, पण सत्तरच्या दशकात मी रेकॉर्डिंगला जाऊ लागलो आणि बहुतेक सगळं आयुष्य सेकंड व्हायोलिनच्या डेस्कवर काढलं. मुंबईतल्या सिंफनीचा इतिहास सांगायला कोणी बसलं की मेहता कुटुंबापासून सुरुवात करून मेहता कुटुंबापाशीच संपवतं. त्या घराण्याचं ऋण मोठं आहे, ते मी पुढे सांगणारच आहे. पण या शहरात सिंफनी जगली ती दिवसभर दुसरीकडे पोट भरणाऱ्या आणि संध्याकाळी वाद्य घेऊन तालमीला येणाऱ्या माणसांमुळे. त्यातल्या फार थोड्यांची नावं कोणाला माहीत आहेत. त्यांच्याविषयी लिहायला हवं असं मला बरेच दिवस वाटत होतं.

आमचं घर गिरगावात, ठाकुरद्वाराजवळ. वडील नाट्यसंगीताचे वेडे. त्यांनी मला व्हायोलिन शिकायला पाठवलं ते शेजारच्या वाडीतल्या गुरुजींकडे. मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवायचं आणि सारेगममध्ये यमन वाजवायचा. पुढे कोणीतरी वडिलांना म्हणालं की मुलाला रेकॉर्डिंगमध्ये काम मिळवायचं असेल तर स्टाफ नोटेशन यायला हवं आणि त्यासाठी धोबी तलावला जायला हवं. ठाकुरद्वार ते धोबी तलाव हे चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. मला मात्र परमुलखात आल्यासारखं वाटलं. जेर महाल, त्यातल्या गोवेकरांच्या कूड, म्हणजे गावागावाच्या मंडळींनी चालवलेल्या राहण्याच्या जागा. एका भिंतीशी ओळीने लावलेल्या ट्रंका, कोपऱ्यात देवघरासारखा सजवलेला अल्तार. जवळच फुर्तादोंचं दुकान. १८६५ पासूनचं. तिथे पाश्चात्त्य संगीताची छापील पुस्तकं, तारा, रोझिन, सगळं मिळे.

धोबी तलावचे माझे सर सासष्टीतल्या एका गावचे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडून पॅरिश स्कूल असत. तिथला मेस्त मुलांना सोल्फेज शिकवी, म्हणजे स्वरलिपी पाहून थेट गायला, आणि हातात रेबेक देई. गोव्यात व्हायोलिनला रेबेकच म्हणतात. प्रार्थनेला कॉयर लागे, सणाला बँड लागे, त्यासाठी ही शाळा. पण तिच्यातून चार शतकं अशी माणसं घडत राहिली ज्यांना कागदावरचं संगीत वाचता येत होतं. गावात शेती थोडी, नोकऱ्या त्याहून थोड्या. मग ही मुलं ब्रिटिश हिंदुस्थानात आली. संस्थानिकांचे बँड, लष्कराचे बँड, जहाजांवरचे बँड, मूकपटाच्या पडद्यासमोर बसणारे वादक, ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममधले जॅझवाले. जिथे नोटेशन वाचणारा माणूस हवा तिथे गोवेकर होता. सर बांबूच्या कपाटातून एक पिवळं पडलेलं वहीचं पान काढून दाखवत. मेस्तने स्वतः लिहून दिलेला धडा. नववीत असलेल्या मला तो वाचता येईना आणि त्यांनी तो सात वर्षांचे असताना गायला होता.

या माणसांना एकत्र बसवून सिंफनी वाजवायची, हे मेहली मेहतांनी मनावर घेतलं. बरंचसं स्वतःच शिकलेले हे पारशी व्हायोलिनवादक. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. तंतुवाद्यांना गोवेकर आणि पारशी हौशी मंडळी, फुंकवाद्यांना नौदलाच्या बँडमधले वादक, आणि युरोपातून पळून आलेले काही जण. या शेवटच्या गटातला सगळ्यात मोठा माणूस वॉल्टर काउफमान. चेकोस्लोव्हाकियातला ज्यू संगीतकार, हिटलरची सावली पडू लागली तसा १९३४ मध्ये मुंबईला आला आणि १९४६ पर्यंत राहिला. त्याने इथे चेंबर म्युझिकची मंडळी जमवली आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. आकाशवाणीची सकाळची ती धून, तंबोऱ्यावर उठणारं व्हायोलिन, ती काउफमानची मानली जाते आणि त्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं. सकाळी दुधाच्या रांगेत उभं राहून आमच्या तीन पिढ्यांनी ती ऐकली.

कार्यक्रम होत रीगलजवळच्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये. तिथे आता आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तालमी मेहतांच्या घरी. मेहलींचे चिरंजीव झुबिन मेहतांनी आठवणींमध्ये पुन्हा पुन्हा सांगितलंय की त्यांचं बालपण या तालमींच्या आवाजात आणि वडिलांच्या रेकॉर्डच्या आवाजात गेलं. १९५२ मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून येहूदी मेनुहिन भारतात आले, दुष्काळनिधीसाठी वाजवलं. मुंबईच्या वाद्यवृंदाबरोबर तालीम होती तेव्हा किशोरवयीन झुबिन संचालनाला उभा राहिला. याच दौऱ्यात मेनुहिनची गाठ पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांशी पडली आणि अय्यंगारांची योगासनं युरोपात पोचली. त्या एका दौऱ्याने दोन्हीकडची किती देवाणघेवाण झाली याचा हिशोब अजून कोणी नीट मांडलेला नाही.

१९५४ मध्ये झुबिन व्हिएन्नाला गेले. तिथे कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मनिकने वाजवलेली ब्राम्सची पहिली सिंफनी ऐकली, तेव्हा वाद्यवृंदाचा खरा आवाज म्हणजे काय ते आपल्याला प्रथम कळलं, असं ते सांगतात. मला या वाक्याचा त्रास होत असे. मुंबईतल्या माणसांचा अपमान वाटे. पण विचार केला तर त्यात अपमान नाही. मुंबईत बासून वाजवणारा आला नाही तर त्याची ओळ चेलोवाला वाजवत असे. ओबो नसला की क्लॅरिनेट. ब्राम्सने जे कागदावर मांडलं त्यातलं जेवढं माणसांनी भरून निघेल तेवढं भरायचं, उरलेलं ऐकणाऱ्याने मनात धरायचं. अशा वाद्यवृंदातून जो मुलगा गेला त्याला व्हिएन्नात एकेका वाद्याची जागा भरलेली दिसल्यावर काय झालं असेल! पाठोपाठ १९५५ च्या सुमारास मेहली मेहताही मँचेस्टरला गेले, बार्बिरोलींच्या हॅले वाद्यवृंदात वाजवायला. पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिसला तरुणांचा वाद्यवृंद घडवला. मुंबईतलं त्यांचं काम मात्र थांबलं.

वादक इथेच राहिले. त्यांना सिनेमाने धरून ठेवलं.

हे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय मुंबईची सिंफनी समजत नाही. १९५२ च्या ‘आन’साठी नौशाद यांनी शंभर वादक बसवले, ही गोष्ट आमच्या धंद्यात दंतकथेसारखी सांगितली जाई. शंकर-जयकिशन यांची गाणी तर व्हायोलिनच्या फौजेवरच उभी आहेत आणि ती फौज कागदावर मांडणारे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा. गोव्याचे, फाळणीपूर्वी लाहोरला स्वतःचा बँड चालवणारे, फाळणीनंतर मुंबईला आलेले. गायिका मूळ चाल गात असताना तिच्या खालून किंवा वरून व्हायोलिनचा दुसराच प्रवाह न्यायचा, तिला धक्का लागू द्यायचा नाही आणि ओळ संपताना दोघांना एका सुरावर आणून सोडायचं. याला आम्ही ऑब्लिगाटो म्हणतो. भारतीय संगीतात एकाच वेळी दोन स्वतंत्र चाली चालवण्याची रीत नाही. सेबॅस्टियन यांनी ती आपल्या कानांना इतकी गोड करून दिली की आज कोणाला ती परकी वाटत नाही. माझ्या मते हिंदी चित्रपटसंगीतात सिंफनीचा खरा वारसा मोझार्टच्या उचललेल्या सुरावटीत कमी आणि या ऑब्लिगाटोंमध्ये जास्त आहे.

ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस, वांद्र्याचा मेहबूब. सकाळी नऊला वाद्यं जुळवायची. अरेंजर पार्ट, म्हणजे एकेका वाद्याच्या ओळीचे कागद, वाटे. कॉपिस्टने रात्रभर जागून हाताने उतरवलेले पार्ट, कधी शाई ओली. गायक, कोरस, ढोलक, सतार, चाळीस व्हायोलिन, सगळे एकाच वेळी, एकाच टेकमध्ये. माझ्या सुरुवातीच्या काळात तरी असंच होतं. मागच्या डेस्कवर एकाचा गज घसरला तर सगळं पहिल्यापासून. त्या शांततेतली भीती अजून पाठीच्या कण्यात आहे. पैसे शिफ्टवर, सिने म्युझिशियन्स असोसिएशनने ठरवलेल्या दराने.

आमच्यातले मराठी वादक दोन प्रकारचे. एक माझ्यासारखे, उशिरा स्टाफ शिकलेले. दुसरे प्रभाकर जोगांसारखे. जोगसाहेब सुधीर फडक्यांच्या ‘गीतरामायणा’पासूनचे सहायक, पुढे ‘गाणारं व्हायोलिन’ या नावाने महाराष्ट्रभर पोचलेले. गाणं चालू असताना ते त्याचं सारेगम नोटेशन इतक्या भराभर लिहीत की गायक थांबला तेव्हा कागद पुरा झालेला असे. आणि अनिल मोहिले, ज्यांनी दोन्ही बाजू आत्मसात केल्या आणि अरेंजर म्हणून लताबाईंच्या कार्यक्रमांचा वाद्यवृंद चालवला. एकाच डेस्कवर एका बाजूला देवनागरीत लिहिलेला पार्ट आणि दुसऱ्या बाजूला पाच रेघांचा, आणि दोन्ही गज एकदम वर, एकदम खाली. हे मी रोज पाहिलंय. जगातल्या दुसऱ्या कुठल्या वाद्यवृंदात असं दृश्य असेल असं मला वाटत नाही.

रेकॉर्डिंगच्या याच दुनियेतल्या वादकांनी १९५८ मध्ये एक धाडस केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, व्हायोलिनवादक आणि अरेंजर, यांनी सिनेमातल्या वादकांचा शंभराहून मोठा वाद्यवृंद जमवला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. रचना स्वतःच्या, राग घेऊन लिहिलेल्या, पण वाद्यवृंदासाठी. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. आमचे सर त्यात होते. ते सांगत, आपण सगळे रोज पडद्यामागे बसणारे, त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी आपल्याकडे तोंड करून ऐकलं. हा उपक्रम टिकला नाही. पैसा उभा राहिला नाही. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, परत आल्यावर गोव्यात आपल्या गावीच राहिले आणि २०१२ मध्ये तिथेच वारले. ‘अमर अकबर अँथनी’मध्ये त्यांचं नाव गाण्यात घालून अजरामर केलं ते त्यांचे शिष्य प्यारेलाल आणि जोडीदार लक्ष्मीकांत यांनी. देशभर ते नाव नाचत-गात घेतलं गेलं. त्यांची संगीतरचना मात्र कितीजणांनी ऐकली?

आता ऐकण्याविषयी, कारण आम्ही शिकलो ते ऐकूनच.

सरांकडे ७८ च्या तबकड्यांचा एक संच होता, बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला साडेचार मिनिटांच्या आसपास संगीत मावे. पाचवी सिंफनी आठ बाजूंना पसरलेली. आर्थर निकिश यांनी बर्लिन फिलहार्मनिककडून १९१३ मध्ये ही सिंफनी ध्वनिमुद्रित केली तेव्हाही आठच बाजू लागल्या होत्या. तेव्हा तर मायक्रोफोनच नव्हता. एका भोंग्यासमोर वादक दाटीवाटीने बसत आणि डबलबासचा आवाज पकडता येत नाही म्हणून त्याच्या जागी पितळी ट्यूबा वापरण्याची पद्धत होती. मायक्रोफोनचं मुद्रण १९२५ पासून. सरांचा संच त्यानंतरचा. बाजू संपली की संगीत मध्येच तुटे. सर उठत, तबकडी उलटत, चावी देत, आणि तेवढ्या वेळात सूर सोडायचा नाही म्हणून पुढची ओळ गुणगुणत राहत. त्यामुळे माझ्या मनातल्या पाचव्या सिंफनीत सात ठिकाणी सरांचा आवाज आहे. पुढे लाँगप्लेवर ती सलग ऐकली तेव्हा त्या त्या जागी माझा श्वास अडकला. अजून अडकतो.

लाँगप्ले अमेरिकेत १९४८ मध्ये आली. आमच्या हाती चांगली सिंफनी लागायला फार वेळ गेला. परकीय चलनाची टंचाई, आयातीवर बंधनं. परदेशी तबकडी म्हणजे बोटीवरच्या कोणा नातेवाइकाने आणलेली किंवा कोणी मोडीत काढलेली. काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस होतं. तिथे काचेच्या छोट्या केबिनमध्ये उभं राहून तबकडी ऐकता येत असे. विकत घेण्याची ऐपत नसलेल्या आम्हा पोरांना तिथल्या माणसांनी कधी हाकललं नाही. २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं. दुसरी जागा म्हणजे सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं. मराठी वाचकांना तिथली स्वस्त, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं आठवत असतील. त्याच टेबलांच्या टोकाला मेलोडिया कंपनीच्या तबकड्या असत. ओइस्त्राख, मराविन्स्की, लेनिनग्राड फिलहार्मनिक; पाकिटावर रशियन अक्षरं, कागद पातळ, किंमत आवाक्यातली. धोबी तलावच्या कितीतरी खोल्यांमध्ये युरोपचं संगीत मॉस्कोमार्गे आलं.

मी तबकड्या ऐकायचो ते सेकंड व्हायोलिन शोधायला. हे अवघड काम आहे. फर्स्ट व्हायोलिन उंच, चमकदार, चाल त्यांच्याकडे. व्हायोलाचा आवाज गडद, तो ओळखू येतो. सेकंड या दोघांच्या मध्ये. सरांच्या एका स्पीकरच्या रेडिओग्रामवर ते कधीच सापडत नसत. सर म्हणत, “आयक रे. ते नाहीत असं समज आणि मग आयक. काय कमी होईल?” हा त्यांचा सगळ्यात मोठा धडा. मी डोळे मिटून सेकंड काढून टाकायचो आणि सगळा आवाज पातळ व्हायचा.

चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा शेवटचा भाग मला तसाच, डोळे मिटून, चुकीचा कळलेला. चुकीचा म्हणजे, ती खाली उतरत जाणारी शोकाची चाल फर्स्ट व्हायोलिन वाजवतात असं कोणालाही वाटेल तसं मलाही वाटे. मग चेंबर ऑर्केस्ट्रातल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला स्कोअर वाचायला दिला. फर्स्टच्या ओळीत ती चाल नाही. सेकंडच्या ओळीतही नाही. एक स्वर यांचा, पुढचा त्यांचा, पुन्हा यांचा. दोघांचे पार्ट वेगवेगळे वाजवले तर ओबडधोबड उड्या ऐकू येतात. चाल कोणीच वाजवत नाही, ती दोघांच्या मध्ये हवेत तयार होते. पुढे तीच चाल परत येते तेव्हा चायकोव्हस्की ती सरळ फर्स्टकडे देतो. म्हणजे आधीची रचना त्याने ठरवून केलेली. १८९३ च्या ऑक्टोबरमध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याने स्वतः या सिंफनीचं संचालन केलं आणि नऊ दिवसांनी तो वारला. त्या काळी फर्स्ट आणि सेकंड व्हायोलिन संचालकाच्या दोन बाजूंना, समोरासमोर बसत. श्रोत्याला ती चाल एकेका स्वराने डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जाताना ऐकू येत असणार. विसाव्या शतकात बहुतेक वाद्यवृंदांनी दोन्ही व्हायोलिन एकाच बाजूला आणली. मराविन्स्कींच्या लेनिनग्राडने आणली नाहीत. त्यांचं १९६० चं ध्वनिमुद्रण मी पहिल्यांदा दोन स्पीकरवर ऐकलं तेव्हा स्कोअरमधलं ते रहस्य खोलीच्या दोन कोपऱ्यांतून उलगडलं. इतकी वर्षं ज्यांना शोधत होतो ते सेकंड व्हायोलिन उजव्या स्पीकरमध्ये बसलेले होते.

ज्या चेंबर ऑर्केस्ट्राचा उल्लेख केला त्यांचं ऋण सांगायला हवं. मेहली मेहता गेल्यानंतर शहरात सिंफनी जिवंत ठेवली ती १९६२ मध्ये जिनी दिनशा यांनी उभ्या केलेल्या बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्राने आणि अशाच लहान-मोठ्या मंडळींनी. तालमीला बँकेतले, रेल्वेतले, शाळांमधल्या संगीतशिक्षिका, आणि स्टुडिओची शिफ्ट संपवून आलेले आम्ही. दिवसा वाजवलेल्या ‘म्युझिक पीस’चे पैसे मिळत, संध्याकाळी वाजवलेल्या सिंफनीचे मिळत नसत. कोणी विचारलं नाही की कशाला येता.

असंच एकदा एका मंडळीत आम्ही बेथोव्हनची सातवी बसवली. १८१३ मध्ये व्हिएन्नात तिचा पहिला प्रयोग झाला तेव्हा जखमी सैनिकांसाठी निधी जमवायचा होता आणि व्हायोलिनच्या रांगेत श्पोरसारखे नामवंत संगीतकार येऊन बसले होते. लोकांनी दुसरा भाग पुन्हा वाजवायला लावला. त्या भागात आधी फुंकवाद्यांचा एक स्वरमेळ, मग व्हायोला, चेलो आणि बास अगदी हळू एक ठेका धरतात. चाल म्हणावी इतकी हालचालही त्यात नाही. मग तो ठेका सेकंड व्हायोलिनकडे येतो आणि व्हायोला-चेलो त्याच्याखाली एक लांब, दुखरी चाल सुरू करतात. फर्स्ट व्हायोलिन तोपर्यंत गप्प बसलेली. पुढच्या आवर्तनात ठेका फर्स्टकडे जातो आणि ती लांब चाल आमच्याकडे येते. ही सिंफनी मी तबकडीवर पाठ होईतो ऐकली होती. तालमीत ती चाल माझ्या हातात आली तेव्हा माझ्या डाव्या बाजूला फर्स्टचा ठेका, मागे चेलोंची थरथर पायाखालच्या लाकडातून वर येतेय, आणि शेजारच्या डेस्कवरचा, रेल्वेच्या हिशोबखात्यातला माणूस, ज्याने आयुष्यात एकही सोलो वाजवला नव्हता, तो डोळ्यांतलं पाणी न पुसता वाजवतोय. कुठल्याही हॉलच्या कुठल्याही खुर्चीवर बसून हे ऐकू येणार नाही. हे आतूनच ऐकायचं असतं.

बाहेरून ऐकल्याची एक आठवण १९८४ ची. झुबिन मेहता न्यूयॉर्क फिलहार्मनिक घेऊन मुंबईत आले. मी सगळा वेळ सेकंड व्हायोलिनकडे पाहत होतो. मला अचंबा वाटला तो त्यांच्या जोराचा नव्हे. जोर आम्हीही लावायचो. सगळ्यात मागच्या डेस्कवरचा माणूस सगळ्यात पुढच्याइतकाच गज वापरत होता, त्याच जागी, त्याच लांबीचा. आमच्याकडे मागे बसलेला माणूस जरा सांभाळून वाजवतो, चूक ऐकू जाऊ नये म्हणून. हळू सुरांत तर तो फक्त तारांना हात लावल्यासारखं करतो. त्यांच्या हळू सुरातही प्रत्येक जण पुरता हजर होता, म्हणून तो हळू सूर हॉलच्या टोकापर्यंत जात होता. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगला गेलो तेव्हा आमच्या मागच्या डेस्कवाल्यांनीही गज पुरा ओढला. अरेंजर थांबले, म्हणाले, “आज काय झालंय तुम्हाला?” आणि टेक ओके केला.

नव्वदच्या दशकात कीबोर्ड आला. आधी चाळीस व्हायोलिनच्या जागी बारा, मग चार जणांनी तेच पुन्हा पुन्हा वाजवून थर चढवायचे, मग तेही नको. या बदलाला मी दोष देत नाही. संगीतकारांना जे स्वस्तात आणि पटकन मिळालं ते त्यांनी घेतलं. पण त्यात दोन गोष्टी गेल्या आणि त्यांची हळहळ कमी होत नाही. एक, नोटेशन. हजारो गाण्यांचे स्कोअर आणि पार्ट स्टुडिओंच्या माळ्यांवरून रद्दीत गेले. एकदा एका माळ्याखाली रद्दीवाला गठ्ठे तोलत होता, त्यातले माझ्या हाताला लागले तेवढे मी घरी आणले. दुसरी, मुलं. आमच्यापैकी कोणी आपल्या मुलाला व्हायोलिन दिलं नाही. काम संपताना दिसत होतं.

म्हणूनच २००६ मध्ये एनसीपीए या कलाकेंद्राचे खुशरू सनटूक आणि कझाखस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला तेव्हा बहुसंख्य वादक कझाखस्तानहून आणावे लागले. यावर पुष्कळ टीका झाली. नाव भारताचं आणि खुर्च्यांवर परदेशी, असं. मला ती टीका अर्धीच पटते. एका शहरात पन्नास वर्षं शेकडो उत्तम तंतुवादक होते आणि त्या काळात एकाही संस्थेने, सरकारने, उद्योगपतीने त्यांना महिन्याचा पगार देऊन ‘फक्त सिंफनी वाजवा’ असं म्हटलं नाही. जे २००६ मध्ये झालं ते १९५८ मध्ये झेवियर्सच्या चौकात जमलेल्या शंभर माणसांसाठी व्हायला हवं होतं. पण झालं ते चांगलंच झालं. १९९७ च्या आगीतून पुन्हा उभ्या राहिलेल्या जमशेद भाभा थिएटरमध्ये आज मुंबईत राहून, मुंबईचं तिकीट काढून, सगळ्या खुर्च्या भरलेला वाद्यवृंद ऐकता येतो. २०१५ मध्ये झाकीर हुसेन यांनी याच वाद्यवृंदासाठी ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्चेर्टो लिहिला आणि तो घेऊन ही मंडळी युरोपात गेली. २०२३ मध्ये झुबिन मेहतांनीही तिचं संचालन केलं. मुलांसाठी अकादमी आहे. तिथली काही मुलं आता मोठ्यांच्या रांगेत बसतात.

न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातले ग्रेगरी बूथ यांनी सिनेमातल्या वादकांना घरोघर भेटून २००८ मध्ये एक जाड इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यामुळे कितीतरी माणसं कागदावर आली. मराठीत तसं काम माझ्या माहितीत झालेलं नाही. मी माझ्यापुरतं सुरू केलंय. रद्दीतून वाचवलेल्या प्रत्येक पार्टवर डेस्कचा क्रमांक असतो, कधी कोपऱ्यात पेन्सिलने आद्याक्षरं, कधी शिफ्टची तारीख. त्यावरून गाणं ओळखायचं, आणि जे हयात आहेत त्यांना विचारून त्या दिवशी त्या डेस्कवर कोण होतं ते लिहून ठेवायचं. व्हायोलिनची बरीच नावं लागली आहेत. चेलोंची अडली होती. पुढच्या आठवड्यात वसईला एका चेलोवादकांकडे जायचंय. ऐंशी ओलांडलेले आहेत, फोनवर ऐकू कमी येतं, पण मी गाण्याची सुरुवात गुणगुणली की त्यांच्या रांगेतले आठही जण ते डावीकडून उजवीकडे सांगत जातात.